मैदानावरही मुलांना शोधू द्या : संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि तपासणी अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आमच्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी, जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि शाळाभेटीला येणारे शिक्षण विभागाचे अधिकारी

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि संस्थेचं एक परिपत्रक सगळ्या क्रीडाशिक्षकांच्या सह्या घेऊन फाइलला लागलं. त्यातली मुख्य सूचना अशी : शारीरिक शिक्षणाच्या तासाला सर्व विद्यार्थी रांगेत असावेत, शिक्षकाने प्रात्यक्षिक दाखवून शिट्टीवर हालचाली करून घ्याव्यात, मैदानावर गटचर्चा आणि मोकळे प्रयोग करू नयेत. ही सूचना कुठून आली ते मला ठाऊक आहे. पहिल्या सत्रातल्या शाळाभेटीच्या वेळी माझा आठवीचा तास चालू होता. मैदानात जागोजागी गट होते, कलकलाट होता, आणि मी एका गटाशेजारी उकिडवी बसून मुलींचं बोलणं ऐकत होते. शेरेबुकात नोंद झाली की वर्गावर नियंत्रण नाही, शिक्षिका प्रात्यक्षिक देत नाहीत.

परिपत्रकावर मी सही केली आहे. वरिष्ठांचं पत्र मिळाल्याची ती पोच आहे, संमती नाही. हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकटीच्या शेऱ्याचा नाही. ज्यांची मुलं आठवड्यातून जेमतेम दोन-तीन तासिका मैदानावर येतात, त्या पालकांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

त्या दिवशी मैदानात काय चाललं होतं ते आधी सांगते, कारण ते कुणी विचारलंच नाही.

आम्ही खो-खो शिकत होतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलींना खो-खो म्हणजे 'पळ, पळ' एवढंच माहीत असतं. पळणारी सरळ पळत सुटते, चार पावलांत बाद होते आणि कडेला जाऊन बसते. यावर उपाय म्हणून 'अशी हुलकावणी दे, इथून वळ' असं मी करून दाखवू शकते. अनेक वर्षं खेळले आहे, पाय अजून चालतात. पण त्या तासाला मी फक्त प्रश्न घेऊन गेले होते. मधल्या पट्टीवर आळीपाळीने दोन बाजूंना तोंड करून मुली बसवल्या आणि पळणाऱ्या मुलीला विचारलं, "पाठलाग करणारीला काय करता येत नाही?"

"बाई, तिला मधून पलीकडे जाता येत नाही."

"आणखी?"

"एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. खांबापर्यंत जावं लागतं."

"तुला?"

"मला दोन्ही येतं."

"मग ती तुला बाद कशी करते?"

इथे गट थांबला. पुन्हा पळाल्या, पुन्हा बाद झाल्या. मग बसलेल्यांपैकीच एक जण म्हणाली, "बाई, ती मला खो देऊच शकत नव्हती. माझं तोंड तिच्याकडे होतं. खो पाठीमागूनच द्यावा लागतो ना." हे वाक्य म्हणजे त्या तासाची कमाई होती. दोनचार फेऱ्यांत मुलींनी उरलेलं स्वतः जुळवलं : जिची पाठ आपल्या बाजूला आहे, तिलाच खो मिळणार. पाठलाग करणारी त्या पाठीला मागे टाकून पुढे गेली, की त्याच क्षणी पट्टीतून पलीकडे जायचं. आता तिला पुढच्या पाठीपर्यंत धावल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तेवढ्यात आपल्याला दोन घरांचं अंतर मिळतं. जी मुलगी दर तासाला सगळ्यांत आधी बाद व्हायची, ती त्या दिवशी ओरडून इतरांना सांगत होती, "पळू नका, पाठी बघा!"

शेरेबुकात कलकलाट म्हणून नोंदला गेला तो हा आवाज.

या पद्धतीला शिक्षणशास्त्रात शोधनातून अध्ययन म्हणतात, आणि ती माझ्या डोक्यातून निघालेली नाही. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1961 साली तिची मांडणी केली. शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक मुस्का मॉस्टन यांनी 1966 मध्ये शारीरिक शिक्षणाच्या अध्यापनशैलींची एक सलग मालिकाच मांडली. तिच्या एका टोकाला आज्ञाशैली आहे, म्हणजे आपली 'एक-दोन-तीन-चार'. पुढे जाता जाता निर्णय हळूहळू मुलाच्या हाती येतात आणि मधल्या एका उंबरठ्यानंतर मूल स्वतः उत्तर शोधू लागतं. लफबरो विद्यापीठातल्या बंकर आणि थॉर्प यांनी 1982 मध्ये हेच खेळांपुरतं स्पष्ट केलं : आधी खेळाचा प्रश्न समजू द्या, मग त्यासाठी लागणारं कौशल्य शिकवा. आपण बरोबर उलटं करतो. ज्या खेळात ती हालचाल का करायची हे मुलाला माहीतच नाही, त्या खेळाच्या हालचाली वर्षभर घोटून घेतो.

आणि या जिल्ह्यात तरी हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. ज्ञानरचनावाद हा शब्द आपल्याइतका कुणी उच्चारला आहे? राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 आला, राज्याचा 2010 मध्ये आला, 22 जून 2015 रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला. आपल्याच साताऱ्यातलं कुमठे बीट, म्हणजे या पद्धतीने शिकवणाऱ्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षक आले. मूल स्वतः ज्ञान रचतं, शिक्षकाने सुलभक व्हावं, हे आपण प्रशिक्षणांमधून किती वेळा ऐकलं. गणिताच्या तासाला मुलं जमिनीवर गटाने बसून मणी मोजत बोलू लागली, तर त्याला आपण कृतियुक्त शिक्षण म्हणतो आणि फोटो काढतो. तीच मुलं मैदानावर गटाने उभी राहून बोलू लागली, तर तो बेशिस्तपणा कसा ठरतो? माझा सगळा आक्षेप या एका प्रश्नात आहे. जे तत्त्व आपण वर्गात मान्य केलं, ते मैदानाच्या फाटकाशी सोडून देण्याचं कारण मला कुणी तरी सांगावं.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार झाडाखाली बसणाऱ्या मुलींची. सातवीपर्यंत धावणाऱ्या मुली आठवी-नववीत एकेक करून कडेला बसू लागतात. पोटात दुखतंय, बूट आणले नाहीत, ऊन लागतं, गाइडचं काम आहे. पाळीच्या दिवसांतली अडचण खरी असते आणि तिचा मान ठेवलाच पाहिजे. पण महिन्याचे सगळे तास कडेला बसणारीचं कारण बहुधा दुसरं असतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, एकाच मापाने, आपल्याला जमत नाही हे पुन्हा पुन्हा सिद्ध व्हायला तिला नको असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगातली 11 ते 17 वयोगटातली 81 टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं. मुलींमध्ये ते प्रमाण 85 टक्के होतं. याच वयोगटाला दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी असं ती संघटना सांगते. त्या 60 मिनिटांचा मोठा भाग घरी-दारी व्हायचा असतो. तो होईल की नाही, हे शाळेच्या मैदानावर मुलीला खेळ आपला वाटला की नाही यावर पुष्कळसं अवलंबून आहे.

'आळशी आहेत, घरी मोबाईल बघतात' असं स्टाफरूममध्ये सहज म्हटलं जातं. मला हे पटत नाही. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी आतून येणाऱ्या प्रेरणेचा आयुष्यभर अभ्यास केला. माणसाला स्वतः ठरवता यावं, आपल्याला जमतंय असं वाटावं आणि बरोबरच्यांशी आपलेपणा असावा, या तीन गरजा भागल्या की प्रेरणा टिकते असं ते सांगतात. आता आपला नेहमीचा तास या तिन्हींवर तपासून पाहा. ठरवतं कोण? शिट्टी. जमतं कुणाला? ज्यांना आधीपासून येतं त्यांना. आणि बाद झालेली मुलगी ज्यांच्याबरोबर खेळायला आली होती, त्यांच्यापासून लांब जाऊन बसते. जिला सरावाची सगळ्यांत जास्त गरज, तिलाच सगळ्यांत कमी खेळायला मिळतं. बाद करणाऱ्या प्रत्येक खेळाचा हा हिशेब आहे आणि तो आपण कधी मांडत नाही.

उंच उडीचं उदाहरण देते. मॉस्टन यांच्यामुळे ते जगभर माहीत आहे आणि त्याला एक रुपया खर्च येत नाही. आपण दोरी आडवी, सरळ धरतो आणि दर फेरीला वर नेतो. प्रत्येक फेरीला काही मुलं बाहेर. तीच दोरी तिरकी धरली, एक टोक गुडघ्याशी आणि दुसरं छातीशी, की जो तो आपली जागा निवडतो. पहिल्या दिवशी बहुतेक जणी खालच्या टोकाशी गर्दी करतात. मी काही बोलत नाही, एवढंच विचारते, "तुला सहज जमणारी जागा कोणती आणि कष्टाने जमणारी कोणती?" मग एकेक मुलगी स्वतःहून वर सरकते. कुणी जोरात धावत येऊन पाहते, कुणी पाऊल बदलते. "कुठल्या पायावर उडलीस तर बरं वाटतं?" या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकीला स्वतःच्या पायात सापडतं आणि ते सगळ्यांचं सारखं नसतं. डावखुऱ्या मुलीला उजव्या पायाच्या मुलीची नक्कल करायला लावणारं प्रात्यक्षिक मी कशासाठी द्यावं?

दुसरी तक्रार मूल्यमापनाची. नववी-दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय आहे. ती श्रेणी अनेक शाळांत कशी दिली जाते ते आपणा सर्वांना माहीत आहे : हजेरी, गणवेश, कापलेली नखं, आणि शेवटच्या आठवड्यात घाईने भरलेला तक्ता. मुलीने वर्षभरात खेळाविषयी काय ओळखलं, कुठला निर्णय घेतला, स्वतःच्या आधीच्या कामगिरीच्या किती पुढे गेली, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही.

तिसरी, तासिका पळवण्याची. शिष्यवृत्तीचा जादा तास, दहावीचा सराव, पाहुण्यांची तयारी, निवडणुकीची कामं. प्रत्येक वेळी पहिला बळी मैदानाचा. याबद्दल पूर्वी खूप लिहून झालं आहे, मी वाढवत नाही. एवढंच म्हणते, की आठवड्यातली एक तासिका गेली तर शोधायला वेळच उरत नाही आणि मग शिक्षक नाइलाजाने शिट्टीकडे वळतो.

चौथी, पदकांची. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत विजेतेपद मिळवलं आणि प्रतीक वाईकर, प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. ऊर भरून आला. 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्या खेळाचे नियम बांधले, तो इथवर गेला. पण शाळेत खो-खो म्हणजे संघ, आणि मैदानात उतरतात नऊ. बाकीच्या शेकडो मुलींसाठी तो खेळ कधी उघडतच नाही. माझ्या वर्षभराच्या कामाचा अहवाल मागताना 'तालुक्याला कितवा नंबर' एवढंच विचारलं जातं. गेल्या वर्षी किती मुली कडेला बसत होत्या आणि यंदा किती खेळतात, हे आजवर एकाही अधिकाऱ्याने विचारलेलं नाही.

आता शिस्तीच्या आणि सुरक्षिततेच्या आक्षेपाबद्दल, कारण तो गंभीर आहे आणि मी तो टाळणार नाही. गोळाफेक आणि भालाफेक मी शिट्टीवरच घेते. फेकणं, थांबणं, गोळा उचलायला जाणं, सगळं माझ्या आज्ञेवर. मल्लखांबावरून उतरणं 'शोधा' म्हणून कुणी सोडू नये. सामूहिक कवायतीतला ताल आज्ञेशिवाय येत नाही आणि त्याची स्वतःची गोडी आहे. मुलांना चेंडू देऊन झाडाखाली बसणाऱ्या शिक्षकाचंही मी समर्थन करत नाही. तो तास शोधनाचा नसतो, रिकामा असतो. मार्गदर्शनाशिवाय मुलांना मोकळं सोडलं तर नवशिकी मुलं फारसं शिकत नाहीत, असं कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणसंशोधकांनी 2006 मध्ये बजावलं, आणि त्यात तथ्य आहे. म्हणूनच माझ्या पद्धतीत प्रश्नांची क्रमवारी आधी ठरलेली असते. आठवीच्या त्या तासाचे प्रश्न माझ्या टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या वहीत, लिहिलेले होते, कुठे गट अडेल आणि तिथे काय विचारायचं यासह. रांगेचा तास घेण्यापेक्षा या तयारीला जास्त वेळ लागतो. शेरा लिहिण्याआधी ती वही कुणी मागितली असती तर बरं झालं असतं.

कायदा आणि धोरणही माझ्या बाजूने आहे, असं मी नम्रपणे म्हणते. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य सांगितलं आहे. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही सांगितला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 अभ्यासाचे आणि अभ्यासेतर असे विषय वेगळे काढू नका म्हणतं, आणि खेळांच्या माध्यमातून शिकण्याचा आग्रह धरतं. युनेस्कोने तर 1978 मध्येच शारीरिक शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचं जाहीर केलं होतं. या कागदांत आणि आमच्या परिपत्रकात केवढं अंतर आहे ते आपणच पाहा.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

संस्थेने परिपत्रकातली रांग आणि शिट्टीची सक्ती मागे घ्यावी. कोणता भाग आज्ञेने शिकवायचा आणि कोणता शोधू द्यायचा, हा निर्णय टाचणाच्या आधारे शिक्षकावर सोपवावा. टाचण कधीही तपासावं, त्याला माझी पूर्ण तयारी आहे.

तपासणी अधिकाऱ्यांना विनंती, की मैदानावरचा तास पाहताना निदान पंधरा मिनिटं थांबा आणि चार गोष्टी बघा. किती मुलं हालचाल करत आहेत, किती कडेला आहेत, शिक्षक काय विचारतो आहे, आणि मुलांना विचारलं तर 'आज काय शोधतोय' हे ती सांगू शकतात का. यातलं काही दिसलं नाही तर जरूर कडक शेरा लिहा.

मुख्याध्यापकांनी शारीरिक शिक्षणाची तासिका दुसऱ्या कामाला दिली तर त्याच आठवड्यात भरून द्यावी आणि त्याची नोंद ठेवावी. मैदान लग्नाला आणि गाड्यांना शाळेच्या वेळात देऊ नये. मुलींसाठी कपडे बदलायला बंद जागा आणि चालू नळ असलेलं स्वच्छतागृह मैदानाजवळ असावं. या एका सोयीने झाडाखालची गर्दी किती कमी होते ते करून पाहावं.

श्रेणीच्या तक्त्यात निदान निम्मा भार मुलाच्या स्वतःच्या प्रगतीला, खेळातल्या निर्णयाला आणि ते शब्दांत सांगता येण्याला द्यावा. आमच्या संस्थेपुरता असा तक्ता तयार करायला आम्ही काही शिक्षक बसायला तयार आहोत.

आणि प्रशिक्षण. क्रीडाशिक्षकांची बैठक म्हणजे आज स्पर्धांच्या तारखा आणि प्रवेशिका. वर्षातून एक तरी दिवस आम्हाला बूट घालून मैदानावर बोलवा. एका शिक्षकाने तास घ्यावा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हावं, मग प्रश्नांवर चर्चा व्हावी. शहरातल्या मोठ्या शाळेपासून वाडीवरच्या एकशिक्षकी तुकडीपर्यंत सगळ्यांना हे जमण्यासारखं आहे, कारण यासाठी लागतं ते साहित्य म्हणजे दोरी, खडू, काही चेंडू आणि विचार करून काढलेले प्रश्न.

पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागण्याआधी या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावं. ते होकारार्थी नसेल तर कारणांसह मिळावं. तोपर्यंत आपल्यापैकी कुणीही माझा तास पाहायला यावं. आठवीचा तास मंगळवारी आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर असतो. कृपया पूर्ण तास थांबा आणि माझ्याशी बोलण्याआधी मुलींशी बोला.

आपली विश्वासू,
एक शारीरिक शिक्षण शिक्षिका
सातारा जिल्हा